निळ्या अस्वलाची चौकशी

आमच्या आईचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. दारात दुधाची बाटली आली की ती आधी उजेडाला धरायची, मग झाकण काढून वास घ्यायची आणि मग म्हणायची, "बरं दिसतंय." म्हणजे दूध निर्दोष सुटलेलं नाही, फक्त जामिनावर आहे. वसईच्या बाजारात मासळी घेताना कल्ले उचलून बघायची सवय तिने मेलबर्नला येताना सामानात बांधून आणली होती. इथे मासे कापून, पुसून, कागदात गुंडाळून मिळायचे. कल्ले दिसायचेच नाहीत. मग ती सवय तिने उरलेल्या सगळ्या जगावर वापरायला काढली. शेजारीण हसून 'लव्हली डे' म्हणाली, तर हिला काय हवंय? बसवाला आपण धावत येतोय हे बघून थांबला, तर का थांबला? फादरनी प्रवचन लवकर आटोपलं, तर यांना कुठे जायचंय? मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि आपण या बाईसारख्या अजिबात नाही अशी माझी पक्की खात्री होती. आपण मोकळ्या मनाच्या, आधुनिक, जगाकडे विश्वासाने बघणाऱ्या. ही खात्री पुढे किती टिकली तेच आता सांगायचं आहे.

आम्ही मेलबर्नजवळ वेरिबीला राहायचो. आज मी शेजारच्या ट्रुगानिनात राहते, तिथून वेरिबीला गेलं की इडलीच्या पिठापासून नवरीच्या बांगड्यांपर्यंत सगळं मिळतं. तेव्हा तिथे फुलकोबी मिळायचा. घराच्या मागे फुलकोबी, पुढे फुलकोबी, मध्ये आम्ही. बाबा सांडपाण्याच्या कामावर इंजिनियर होते. वारा फिरला की त्यांच्या कामाचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. आमच्या आईने त्यातूनही सोय काढली होती. सुका जवळा परतायचा असला की ती मागच्या दारात उभी राहून वाऱ्याची वाट बघायची. वारा बाबांच्या कामाच्या बाजूने सुटला की पटकन तवा चढवायची. "आता घ्या म्हणावं वास," असं पुटपुटत ती तिखटमीठ घालायची. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, आज सांडपाणी जरा जास्तच आहे. बाबांना शेजारी दोनदा त्याबद्दल बोललेही. बाबांनी बिचाऱ्यांनी सरकारी कामाच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली आणि घरी येऊन जवळ्याबरोबर जास्तीची भाकरी मागितली.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मटण आणि फुगे असत. गरम तेलात पीठ टम्म फुगताना जो आवाज होतो तो मला अजून ओळखता येतो. सणावाराला बिस्किटाच्या डब्यातून सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, निघायची, तीही आई मोजक्या बोटांनी, शेजारी खिडकीत नाही ना हे बघून काढायची. घरात आवाज म्हणावे असे एवढेच. बाकी शांतता. ही शांतता मला फार आवडायची, कारण त्या शांततेत मी खोलीचं दार लावून मोठी होत होते, असा माझा समज होता. त्या वयाचा माझा एक फोटो नातीने शोधून काढलाय. लांब हात, लांब मान, लांब तोंड. नात म्हणाली, "आजी, यू लूक लाइक यू स्मेल समथिंग." म्हटलं, वेरिबी गं बाई, वेरिबी.

शाळेत मी बोलत नसे. म्हणजे बोलता येत होतं, पण तोंड उघडलं की मागच्या बाकावर कोणीतरी हसायचं, म्हणून उघडत नसे. तोंड उघडायला लागले ते डॉटच्या टेबलापाशी. स्टेशनजवळच्या मैदानात शनिवारी बाजार भरायचा आणि तिथे डॉट नावाची एक म्हातारी दगड विकायची. पांढरे केस पुरुषांसारखे कापलेले, पायात बूट, आणि हाताचे पंजे गवंड्याचे असावेत तसे. तिचा नवरा खाणीवर भूगर्भतज्ज्ञ होता. तो असेपर्यंत दोघं बरीच वर्षं अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात राहिली होती, झूनी नावाच्या मूळच्या लोकांच्या गावाजवळ. दगडात जनावरं कोरणं ही त्या लोकांची घराघरातली कला. बापाकडून मुलीकडे, मावशीकडून भाच्याकडे जाणारी. डॉटचे तिथल्या घरांशी संबंध टिकून होते आणि वर्षातून एकदोनदा तिला पार्सल यायचं. फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर ती ही जनावरं मांडून ठेवायची: बोटाएवढी, मुठीएवढी. काहींच्या पाठीवर बाणाचं छोटं टोक दोऱ्याने बांधलेलं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हे देव आहेत का?" डॉट म्हणाली, "त्यांच्या पूजेतले दगड वेगळे. ते विकायचे नसतात, आणि लव्ह, ते विकत मागायचेही नसतात. हे त्यांनी विकायलाच कोरलेत. पण म्हणून खेळणी समजू नकोस." मग तिने मला दिशा शिकवल्या. उत्तरेचा राखणदार डोंगरी सिंह, पश्चिमेचं अस्वल, दक्षिणेचा पट्टेरी तोंडाचा बॅजर, पूर्वेचा लांडगा, आकाशाचा गरुड आणि जमिनीखालच्या दिशेचा मोल, म्हणजे बिळं करत फिरणारा, डोळे जवळजवळ नसलेला एक प्राणी. मला मोल बघताक्षणी आवडला. आपण नकाशाच्या तळाशी येऊन पडलोय अशी माझी त्या वयातली दुःखी कल्पना होती, तेव्हा खालच्या दिशेचा राखणदार हा आपलाच माणूस, असं मी ठरवून टाकलं. शनिवारी मी डॉटच्या टेबलापाशी बसायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं, आणि पुष्कळ शनिवार झाले की एक जनावर माझं, असं आमचं ठरलं. अशा रीतीने काळ्या दगडाचा मोल माझ्या ब्लेझरच्या खिशात आला. वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की मी खिशात मूठ घालून त्याला दाबून धरायचे. बोलणं खरंच जमायला लागलं. बाई मात्र प्रत्येक वेळी म्हणायच्या, "हँड आउट ऑफ युअर पॉकेट, डिअर." आज कोणी ऐकून घेत असेल तर सांगते, मोलमध्ये शक्तीबिक्ती काही नव्हती. तो गार होता, जड होता, आणि हसत नव्हता. सोळाव्या वर्षी एवढं पुरतं.

आईला मोल धुण्याच्या कपड्यात सापडला.

"हा उंदीर कुणी दिला?"

"उंदीर नाहीये. डॉटने दिला."

"डॉट म्हणजे मुलगा की मुलगी?"

"म्हातारी आहे, आई."

"म्हातारी तुला उंदीर कशाला देईल?"

 आईच्या मते मुलीच्या खिशात अशी बारकी, निरुपयोगी, जपून ठेवलेली वस्तू निघाली की पलीकडे मुलगा असतोच. दुर्दैवाने नव्हता. मी त्या वर्षी वाटेतल्या प्रत्येक मुलाकडे आशेने बघत होते, पण वेरिबीतली सगळी मुलं फुटबॉल नाहीतर फुलकोबी यांत गुंतलेली होती. हे आईला सांगणं तर आणखीच अवघड. मी खांदे उडवून इंग्रजीत म्हटलं, "बिलीव्ह व्हॉट यू वॉन्ट." आईने मोल उजेडाला धरला, पोटाकडून बघितला, वास घेतला आणि परत दिला. म्हणजे जामीन.

खरी पंचाईत पिठाने केली. डॉटकडून मी ऐकलं होतं की ही जनावरं घरी ठेवणारे काही लोक त्यांच्यापुढे मक्याच्या पिठाची चिमूट ठेवतात. आमच्याकडे मक्याचं पीठ नव्हतं. मी तांदळाचं ठेवलं. तोवर माझ्या खिडकीच्या कठड्यावर मोल, बॅजर आणि लांडगा असे तिघे जमले होते. तिघांपुढे तीन पांढऱ्या चिमट्या. दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्या, मुंग्यांमागून आई, आणि आईमागून सगळा इतिहास.

"नैवेद्य!" आई दारातून ओरडली. "क्रुसासमोर! उंदराला नैवेद्य! अहो, ऐकलंत का, तुमच्या लेकीने घरात देऊळ काढलंय!"

बाबा पेपर घेऊनच आले. त्यांनी चष्मा वर करून तिघांना बघितलं. "हा लांडगा बरा जमलाय," एवढं म्हणून ते परत जायला निघाले. आईने त्यांना थांबवलं, पवित्र पाण्याची बाटली आणली, कठड्यावर, माझ्यावर आणि जाता जाता बाबांच्या पेपरवर शिंपडलं. आणि निकाल दिला.

"फिलू, नीट ऐक. नाताळपर्यंत बघते. यात एक जरी खोट निघाली, मुलाची निघो, सैतानाची निघो की लबाडीची निघो, शनिवार बंद. आणि हे सगळं प्राणिसंग्रहालय बाबा त्यांच्या कामावर नेऊन तळ्यात सोडतील."

बाबांच्या कामावरचं तळं सांडपाण्याचं, हे वेगळं सांगायला नको. पण त्याहून वाईट म्हणजे शनिवार. आठवड्यात मी माणसासारखी बोलायचे असा तेवढाच दिवस होता. तो गेला असता तर मी सोमवार ते रविवार त्या फोटोतल्या तोंडाने काढला असता, आणि बहुधा तसंच तोंड घेऊन आज तुमच्यासमोर बसले असते.

अस्वल त्यानंतर आलं. पिरोज्याचं, अंगठ्याएवढं, मान किंचित वळवून मागे बघणारं. रंग असा, की हिवाळ्यात पाऊस होऊन गेल्यावर इथे आभाळ दिसतं तसा. सबंध हिवाळा मी डॉटच्या टेबलाशी नाक गाळत उभी राहिले ते याच्यासाठी. घरी आणलं तेव्हा आईनेही ते जरा जास्त वेळ हातात धरलं. "हे काय, कुत्रं?" म्हणाली. अस्वल म्हटल्यावर "अस्वल एवढं शांत नसतं," असा शेरा मारून तिने ते खाली ठेवलं. मी ते कठड्यावर मधोमध मांडलं. शाळेतून आले की आधी त्याच्याकडे बघायचं, मग दप्तर टाकायचं.

आणि मग एके दिवशी शाळेतून आले तर ते मला जरा वेगळं वाटलं. म्हटलं, ढगाळ असेल. पुढच्या आठवड्यात ऊन लख्ख होतं तरी ते वेगळंच. निळा कमी, हिरवा जास्त. कानाजवळून सुरू झालेलं पाठीपर्यंत उतरलेलं, दगडी हौदावर शेवाळ चढतं तसं. मी ते चिमटीत धरून खिडकीशी नेलं, दिव्याशी नेलं, बाथरूमच्या आरशात नेलं. काही उपयोग नाही. माझं अस्वल हिरवं होत होतं.

इथे माझ्या मोकळ्या, आधुनिक मनाचं काय झालं ते बघा. दहा मिनिटांच्या आत मी आई झाले. पहिला संशय डॉटवर. रंगवलेला दगड दिला म्हातारीने! हिवाळाभर राबवून घेतलं आणि रंग लावलेला खडा हातावर ठेवला. पुढच्या शनिवारी मी तिच्या शेजारी उभी राहून तिचा एकेक हात बघत होते. ती टेबलक्लॉथखाली काय ठेवते, गिऱ्हाइकाशी बोलताना डोळे कुठे असतात, 'नो वरीज' एवढ्या वेळा का म्हणते. माणसाला काळजी नसेल तर तो सारखं सांगतो का, काळजी नाही म्हणून? तिने मला तिच्या थर्मासमधला चहा दिला, तर मी त्याचा वास घेतला. डॉट म्हणाली, "दूध खराब आहे का, लव्ह?" मी म्हटलं, "बरं दिसतंय."

दुसरा संशय घरात. कोणी बदललं तर नाही ना? मी डोक्यातला एक लांब केस उपटला आणि अस्वलाच्या पायांवरून कठड्यावर असा ताणून, थुंकीने चिकटवून ठेवला, की कोणी हात लावला तर तुटावा. कुठेतरी वाचलं होतं. संध्याकाळी केस तुटलेला. परत लावला. परत तुटला. असं करत करत माझे बरेच केस गेले. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या खोलीत कोणी येतं का दिवसा?"

"कोण येणार?" आई म्हणाली. "मी झाडायला येते. केर काय आपोआप निघतो?"

"अस्वलाला हात लावलास?"

"मी? त्या सैतानाला?" आईने छातीवर क्रुसाची खूण केली. "मला काय गरज?"

बाबांनी पेपर जरा वर केला. मला त्यांचाही संशय आला. पण त्यांचा विचार करण्यात अर्थ नव्हता, त्यांना चष्म्याशिवाय अस्वल आणि बॅजर यांतला फरक दिसत नव्हता.

शेवटी आईने हिरवेपण लख्ख उजेडात बघितलं, म्हणजे ते दिसू नये म्हणून मी दिवसभर ओढून ठेवायचे तो पडदा तिने झाडताना बाजूला केला. ती ताडकन माझ्यापुढे अस्वल घेऊन आली. मला वाटलं, संपलं. खोट निघाली. तळं. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. वसईत एकदा तिला चुलत दिराने दोन वेळा धुतल्यावर रंग गेलेली साडी विकली होती, तेव्हाचा तो चेहरा.

"रंग जातोय याचा," ती म्हणाली. "फसवलं बाईने तुला."

"माहितेय मला."

"माहितेय आणि गप्प बसलीस? माझी पोर थंडीत उभी राहिली आणि तिने रंग लावलेला दगड दिला! शनिवारी मी येते."

"आई, प्लीज."

"मी येते."

सैतान एका बाजूला राहिला. आईच्या हिशोबात सैतानापेक्षा वाईट माल ही मोठी गोष्ट होती.

शनिवारी ती मिस्सेचा कोट घालून, पर्स कोपरात अडकवून, बसने माझ्याबरोबर आली. अस्वल रुमालात गुंडाळून पर्समध्ये. बाजारात ती वाटेतल्या कुठल्याच टेबलाकडे न बघता सरळ डॉटपुढे उभी राहिली. तिला इंग्रजी बरंचसं कळायचं, पण भांडायला आपली भाषा लागते.

"सांग तिला," आई म्हणाली, "की लेकरांच्या मेहनतीवर डोळा ठेवणाऱ्यांचं भलं होत नाही. सांग, आम्ही परके आहोत म्हणून आम्हाला डोळे नाहीत असं समजू नकोस. सांग, मी तुझ्या या सगळ्या टेबलाचा वास घेतला तर अर्ध्या बाजाराला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

मी डॉटला म्हटलं, "आई म्हणते, या अस्वलाचा रंग जरा बदललाय."

आईने माझ्याकडे बघितलं. "एवढं छोटं कसं झालं?"

"इंग्रजीत छोटं होतं."

डॉट आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिने हात पुढे केला. आईने रुमाल सोडला, पण अस्वल देताना रुमालाचं एक टोक स्वतःच्या हातात धरून ठेवलं. डॉटने ते आकाशाकडे धरलं, कानामागे अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं. मग तिने अस्वल नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथेच धरलं. आईने भुवया वर केल्या. वास घेणाऱ्या माणसाला आई जरा मान द्यायची.

"नारळ," डॉट म्हणाली.

मला मराठीत सांगायची गरज पडली नाही. मला स्वतःलाच आता वास आला. वसईहून मामाने आणलेल्या डब्यातलं खोबरेल. आमच्या घरात ते लावणारं कोण होतं? मी शाळेत वास येतो म्हणून सोडलेलं. बाबांच्या डोक्यावर लावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मी हळूच वळून आईच्या चापूनचोपून बसवलेल्या, चकचकीत अंबाड्याकडे बघितलं. डॉटनेही बघितलं. आईने पर्स एका कोपरातून दुसऱ्या कोपरात घेतली.

"आई, तू याला तेल लावलंस?"

"कोरडा ठणठणीत होता," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "वाळवंटातला दगड. अंगावर बारीक भेगा. नवा पाटा घरी आणला तरी आपण त्याला असाच ठेवतो का? पुसतो, घासतो, तेलाचा हात लावतो. एकदा लावलं तर कसा छान दिसला. म्हणून मग लावत राहिले."

हे मी शब्दनशब्द डॉटला सांगितलं. या वेळी इंग्रजीत छोटं झालं नाही. डॉटने मान हलवली आणि समजावून सांगितलं. पिरोजा हा तहानलेला दगड. खरा असेल, काही न मुरवलेला असेल, तर तेल पितो. हाताचं, केसांचं, स्वयंपाकघरातलं, कसलंही. आणि एकदा प्यायला की निळा परत येत नाही. "बाजारात नकली भरपूर असतात," ती म्हणाली. "पूड चिकटवून केलेले, प्लास्टिकचे, रंगाचे. तुझ्या आईने त्यातल्या एखाद्याला वर्षभर तेल चोपडलं असतं तरी तो निळाच्या निळा राहिला असता."

आईने हे ऐकलं, समजून घेतलं, आणि तिचे डोळे डॉटच्या टेबलावरून सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले. तिथे निळ्या रंगाची आणखी बरीच जनावरं होती.

"विचार तिला," आई म्हणाली, "बाकीच्यांनाही जरा तेल लावून बघूया का?"

मी विचारलं. डॉटने दोन्ही हात पसरून टेबल असं झाकलं की जणू घार आली आहे. आणि मग ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. आई नाही हसली, पण तिने टेबलक्लॉथचं एक दुमडलेलं टोक नीट केलं. हे मला आईच्या भाषेतलं बरंच काही वाटलं.

डॉट म्हणाली, हवं तर ती दुसरं, निळं अस्वल देईल बदली. चूक कोणाचीच नाही, आणि हिवाळाभर मी उभी राहिले होते. तिने ते काढून माझ्यापुढे ठेवलंही. तसंच, मान वळवलेलं. मी दोन्ही बघितली. खरं सांगायचं तर मला निळं हवं होतं. अजूनही वाटतं की निळंच जास्त देखणं होतं. पण त्या निळ्याबद्दल मला आता काहीच माहीत नव्हतं. ते खरं की खोटं, ते कळायला त्याला आधी आमच्या घरी येऊन बसावं लागलं असतं. हिरव्याची चौकशी पुरी झाली होती. मी हिरवं उचललं. लोक मला विचारतात की आजी, तुम्ही आयुष्यभर ही जनावरं का जमवत राहिलात, त्यांत तुम्हाला काय दिसतं. मी त्यांना दिशांचं सांगते, कोरणाऱ्यांच्या हाताचं सांगते, आणि ते सगळं खरंच आहे. पण मला जे दिसतं ते असं आहे की दगडसुद्धा आपण कोणाच्या हाती लागलो त्याप्रमाणे बदलतो, आणि बदलतो तोच खरा.

जाताना आईने डॉटला स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं, "सॅटरडे, शी कम." मग जरा थांबून म्हणाली, "समटाइम्स आय कम. चेकिंग."

"नो वरीज," डॉट म्हणाली.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. तिने अस्वल माझ्याकडून मागून घेतलं आणि तळहातावर ठेवलं. नवीन वसाहतीची रिकामी मैदानं मागे जात होती.

"कधी लावायचीस तेल?" मी विचारलं.

"दुपारी. बाबा कामावर, तू शाळेत. भांडी झाली की बसायचे जरा तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर."

"आणि नुसतं तेल लावायचीस?"

"नुसतं कसं? हाताने काम चालू असलं की बोलता येतं."

"कोणाशी?"

आईने माझ्याकडे बघितलं, मतिमंद मुलीकडे बघतात तसं. मग हातातल्या अस्वलाकडे.

मला हसू आलं. "आई, त्याला मराठी कुठे कळतंय!"

"तुला तरी कुठे कळतं हल्ली? जेवलीस का विचारलं तर 'आयम फाइन' म्हणतेस."

हसू तसंच राहिलं तोंडावर, कुठे ठेवावं कळेना. "काय बोलायचीस त्याच्याशी?"

"का? जाऊन त्या बाईला सांगायला?"

"नाही सांगणार."

"बाबांना?"

"नाही."

तिने पर्स मांडीवर नीट ठेवली. मग समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत, अस्वलावर अंगठा फिरवत, बोलायला लागली. पहिली तक्रार माझ्याबद्दलच होती. ओला टॉवेल पलंगावर टाकते, दार लावून घेते, आईचं नाव मैत्रिणींना सांगायला लाजते. मग तिच्या बहिणीबद्दल, जिच्या मुलीचं लग्न झालं आणि हिला ते फोटोतच बघायला मिळालं. मग म्हणाली की दुपारी आपल्या गल्लीत इतकं सामसूम असतं, की ती कधी कधी स्वयंपाकघरातला नळ थोडासा सोडून ठेवते. काही धुवायचं नसतं. तेवढाच आवाज.

"आई," मी म्हटलं, "तू हे मला आधी का नाही..."

"हे बघ," आई म्हणाली, "अस्वल मध्ये बोलत नाही."

मी तोंड मिटलं. आमचा स्टॉप आला, बस थांबली, दोनचार माणसं उतरली, दारं बंद झाली. आई बोलत राहिली.